घर भाड्याने देताय? जबानीवर नको, नोंदणी करून द्या

आपल्या समाजात अनेक कुटुंबांचा आधार म्हणजे वरचा मजला किंवा बाजूची खोली. कुठे वडिलांच्या पश्चात अम्मीचे घर या भाड्यावर चालते, कुठे मुलांची फी निघते. पण खोली देताना आपण काय करतो? ओळखीचा माणूस, मोहल्ल्यातला जामीन, आणि जबान. फार झाले तर शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी. वाद झाला की हा कागद फारसा कामी येत नाही.

"अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही" हे आपण सर्रास ऐकतो. महाराष्ट्रात ते चुकीचे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी भाडेकरूची नाही, घरमालकाची आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून मोठा तोटा पुढे आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते. ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे.

उलट नोंदणी असेल तर कलम 24 मालकाच्या मदतीला येते. मुदत संपूनही राहते घर सोडले नाही, तर दिवाणी दाव्यात वर्षे न घालवता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतर जितके दिवस ताबा ठेवला, तितक्या दिवसांसाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट भरपाई मागता येते. मात्र ही सोय राहत्या घरासाठी आहे. दुकान किंवा गाळ्याचा वाद न्यायालयातच जातो.

खर्चाची भीती वाटते, पण हिशेब करून पाहा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के आहे. दहा हजार भाडे, अकरा महिने, म्हणजे 1,10,000 रुपये. त्यावर शुल्क 275 रुपये. परत करायचे डिपॉझिट असेल तर त्यावर वर्षाला 10 टक्के व्याज धरून ती रक्कमही यात मिळवतात. नोंदणी फी शहरात 1,000 आणि ग्रामीण भागात 500 रुपये. हे काम ऑनलाइनही होते.

हेवी डिपॉझिटवाल्यांनी जास्त जपावे. महिन्याचे भाडे नाही म्हणून कागद नको, असे समजू नका. रक्कम चेकने किंवा खात्यातून घ्या आणि करारात आकडा लिहा. घर रिकामे होईल त्याच दिवशी ती परत करायची असते, हे लक्षात ठेवून खर्च करा.

रागाच्या भरात होणारी एक गोष्ट टाळा. भाडे थकले म्हणून पाणी तोडणे किंवा वीज बंद करणे याला कलम 29 मध्ये मनाई आहे. भाडेकरूचे सामान बाहेर फेकले किंवा परस्पर कुलूप लावले, तर बाजू खरी असूनही आरोपी आपणच ठरू शकतो. आधी लेखी नोटीस द्या, मग कायद्याच्या मार्गाने जा.

आणखी तीन कामे करा. भाडे रोख घेतले तरी पावती द्या; कलम 26 नुसार ती द्यावीच लागते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्तांच्या आदेशानुसार भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. ताबा देताना मीटरचे रीडिंग, पंखे, नळ, भिंती यांचे फोटो काढून ठेवा. डिपॉझिटमधून कापाकापीची भांडणे इथेच थांबतात.

भाडेकरू नातेवाईक असला तरी कागद करा. "आपल्यात कसला करार" म्हणून सुरू झालेले व्यवहार कोर्टात पोहोचतात, तेव्हा खोलीबरोबर नातेही जाते. कागद म्हणजे अविश्वास नव्हे. उद्या आपण नसलो तर मुलांना आणि समोरच्यालाही काय ठरले होते ते कळावे, यासाठी तो असतो.