मोटारीच्या ब्रेकची नळी : घरीं बदलावी, पण सांधूं नये

पूर्वीं ज्या अंगणांत बैलगाडी सोडलेली दिसे, त्या अंगणांत आज जीप किंवा पिकअप उभी असते. भाजीचीं पोतीं, दुधाचे कॅन, खत, बियाणें, आणि सणावारीं घरचीं माणसें, सर्व कांहीं तिच्यांतूनच जातें. गाडीचें तेलपाणी, टायर, दिवे यांकडे मालक लक्ष देतो. परंतु गाडीच्या पोटाखालून जाणारी, करंगळीहूनही बारीक अशी ब्रेकची नळी बहुधा त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. ती फुटली म्हणजे मगच तिची आठवण होते. आणि ती आठवण कराडकडून माल भरून कुंभार्ली घाट उतरतांना झाली, तर तिचा उपयोग नसतो. ज्यास घरचें इंजिन खोलतां-जोडतां येतें अशा शेतकऱ्यास ही नळी घरीं बदलणें अशक्य नाहीं. मात्र तिच्या बाबतींत शेतावरची एक नेहमीची संवय पूर्णपणें सोडावी लागते. ती कोणती, हें सांगण्याकरितां हा लेख लिहिला आहे.

नळीचें काम व तींतील दाब

कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा सिद्धांत सतराव्या शतकांत पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञानें मांडला. त्याचाच उपयोग करून माल्कम लॉकहीड या अमेरिकन गृहस्थानें मोटारीसाठीं द्रवाच्या दाबावर चालणारा ब्रेक तयार केला, व १९२१ सालीं ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांस तो बसविण्यांत आला. आज लहान मोटारींत सर्वत्र हीच रचना आहे. पायानें पेडल दाबलें म्हणजे मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढें सरकतो, नळ्यांतील द्रवावर दाब पडतो, आणि तो दाब प्रत्येक चाकाजवळील दट्ट्यांस ढकलून ब्रेक लावतो.

हा दाब किती असतो तें पाहावें. पायाचा जोर ३० किलो धरला व पेडलाच्या तरफेनें तो पांचपट झाला, तर दट्ट्यावर १५० किलो भार येतो. दट्ट्याचें क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर असेल, तर नळींत दर चौरस सेंटिमीटरास ५० किलो दाब उत्पन्न होतो. पायाच्या जोरास निर्वाताची मदत देणारा बूस्टर असल्यास दाब याहूनही वाढतो. उलट, विहिरीवरचा पंप ४० मीटर उंचीवर पाणी चढवितो तेव्हां त्याच्या पाइपांतील दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ४ किलोच असतो. म्हणजे पंपाच्या पाइपाहून बारापट दाब ही बारीक नळी सोसते.

डागडुजी कां नको

येथेंच ती संवय आड येते. पंपाचा पाइप गळूं लागला कीं आपण त्यावर जुन्या ट्यूबची पट्टी आंवळून बांधतों, तार पिळतों, आणि पाणी भरणें पुरें करतों. ही काटकसर शेतकऱ्याचा गुण आहे, व पंपाच्या पाइपावर ती शोभते. कारण पट्टी सुटली तर फार तर पाणी वाया जातें. ब्रेकच्या नळीची पट्टी सुटली तर गाडी थांबतच नाहीं. म्हणून या नळीवर पट्टी, तार, एम-सील, डाग अथवा झाळणें यांपैकीं कांहींएक करूं नये. सडलेला तुकडा कापून मध्यें दाबून बसविण्याचा सांधा घालणें, किंवा रबरी नळीचा तुकडा चढवून क्लिप आंवळणें, हेही तितकेंच घातक आहे. नळी बदलावयाची ती एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत अखंड बदलावी, हा नियम होय.

जुन्या गाड्यांविषयीं तर विशेष सावध असावें. विलीज जीपमध्यें चारही चाकांस मिळून एकच मार्ग होता. एका ठिकाणीं भोंक पडलें कीं चारही चाकांचा ब्रेक गेला. अमेरिकेंत १९६८ पासून नव्या मोटारींस दोन स्वतंत्र मार्ग सक्तीचे झाले. हल्लींच्या गाड्यांत एक मार्ग फुटला तरी दुसऱ्यानें गाडी थांबते, पण पेडल खोल जातें व थांबण्यास पुष्कळ अधिक अंतर लागतें. त्यावर विसंबून फेऱ्या चालूं ठेवणें बरें नव्हे.

नळी कां बिघडते

नळी पोलादाची असते. तिचा शत्रु गंज. कोंकणांतील खारी हवा व दीर्घ पावसाळा, चाकांनीं उडविलेला व क्लिपांपाशीं साचून ओला राहिलेला चिखल, आणि गाडींतून सांडणारीं रासायनिक खतें यांनीं गंज वाढतो. पोटॅशच्या म्युरिएटमध्यें क्लोराइड असतें. तें व अमोनियम सल्फेट ओलाव्याबरोबर पोलाद झपाट्यानें खातात. खत वाहिल्यावर हौदा झाडून गाडीचें पोट स्वच्छ पाण्यानें धुवावें. याशिवाय बांध ओलांडतांना दगड लागून नळी चेपते, किंवा क्लिप तुटल्यानें ती सांगाड्यास घांसून पातळ होते.

चाकाजवळचा भाग हलता असल्यामुळें तेथें रबरी होज असतो. त्यावर भेगा दिसल्या, तो फुगला, किंवा पाय काढल्यावरही चाक अडकून राहूं लागलें, तर होज बदलावा. कारण कधीं कधीं तो आंतून फुगून द्रव परत येऊं देत नाहीं.

टाकींतील द्रव खालीं जाणें ही पहिली सूचना. ब्रेकचे पॅड झिजल्यानेंही तो हळूहळू उतरतो. परंतु थोड्या दिवसांत उतरल्यास गळती शोधावी. चाकांच्या आंतल्या बाजू, क्लिपांखालची जागा व सर्व जोड हातानें चांचपावे. एक नळी सडलेली निघाली तर तिच्या वयाच्या बाकीच्या नळ्याही तपासाव्या.

साहित्य

आपल्या गाडीच्या नमुन्याची तयार नळी मिळाल्यास तीच घ्यावी. न मिळाल्यास ब्रेकसाठींच बनविलेली दुहेरी पत्र्याची पोलादी नळी, किंवा तांबें-निकेल मिश्रणाची नळी घ्यावी. पुष्कळ गाड्यांत ती ४.७५ मिलिमीटर जाडीची असते. फ्रिजची साधी तांब्याची नळी वाकविण्यास सोपी म्हणून कोणी सुचवितात. ती मुळींच वापरूं नये. गाडीच्या सततच्या कंपनानें शुद्ध तांबें कडक होऊन चिरतें.

नळीचें तोंड पसरून तयार करण्यास फ्लेअर म्हणतात. तें दोन प्रकारचें असतें : ४५ अंशांत दुहेरी दुमडलेलें, व बुडबुड्यासारखें फुगविलेलें. जुन्या नळीचें तोंड पाहून तसेंच करावें. एका प्रकारचें तोंड दुसऱ्याच्या जागीं बसविल्यास तें गळतें. हें काम ज्याच्याकडे यंत्र आहे त्या कारागिराकडून करून घेणें उत्तम. स्वतः करावयाचें तर करवतीनें न कापतां नळी कापण्याच्या चाकाच्या कटरानें कापावें, आंतील कीस काढून नळी फुंकून साफ करावी, आणि तोंड पसरण्यापूर्वीं नट नळींत ओंवावा; तो मागाहून जात नाहीं.

द्रवाविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बाजारांत त्यास ब्रेक ऑइल म्हणतात, पण तें तेल नव्हे. त्यांत इंजिनचें तेल, रॉकेल वा डिझेल गेलें तर आंतील रबर फुगून सर्व ब्रेक निकामी होतात. टाकीच्या झांकणावर लिहिलेला डॉट ३ किंवा डॉट ४ द्रवच घ्यावा. सिलिकॉनचा डॉट ५ निराळा आहे; तो यांत मिसळूं नये. हे द्रव हवेंतील ओलावा शोषून घेतात : नवा डॉट ३ निदान २०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळत नाहीं, पण त्यांत ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० वर येते. मग लांब उतारावर ब्रेक तापतात, द्रवाची वाफ होते, आणि पेडल तळास जातें. म्हणून फोडून ठेवलेली जुनी बाटली वापरूं नये. हा द्रव रंग खातो. डोळ्यांत गेल्यास ताबडतोब भरपूर पाण्यानें धुवावें.

कृति

सपाट व टणक जमिनीवर, खळ्यासारख्या जागीं, गाडी उभी करून जमिनीवर राहणाऱ्या चाकांस पुढून-मागून अटकाव द्यावा. केवळ जॅकवर पेललेल्या गाडीखालीं कोणींही जाऊं नये. लोखंडी स्टँड किंवा जाड लांकडी ठोकळे द्यावे. विटा भार आल्यावर फुटतात.

आदल्या रात्रीं नटांवर गंज सोडविणारें तेल लावावें. तें रबरी होजास लागूं देऊं नये. साध्या उघड्या पान्यानें नटाचे कोंपरे झिजतात, म्हणून फ्लेअर नटासाठीं मिळणारा, जवळजवळ बंद तोंडाचा व नळी जाईल एवढीच फट असलेला पाना घ्यावा. होजाच्या जोडावर दुसरा पाना धरून मग नट सोडावा, म्हणजे होज पिळणार नाहीं. नळी निघतांच उघडीं तोंडें रबरी टोपणानें बंद करावीं. धूळ आंत जाऊं नये व मास्टर सिलिंडर कोरडा पडूं नये.

जुनी नळी शक्य तों अखंड काढून नमुन्यास ठेवावी. नवी नळी तिच्यासारखीच वांकवावी. गुडघ्यावर वांकवून चेपूं देऊं नये. सायलेन्सर, कमानी व फिरते भाग यांपासून ती पूर्वींइतकीच दूर राहिली पाहिजे, व प्रत्येक क्लिप मूळ जागीं बसली पाहिजे. नट प्रथम बोटांनींच फिरवावा. आटे बरोबर लागल्याची खात्री झाल्यावर पाना लावावा, आणि गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या मापानें आंवळावा. पिकअपच्या मागच्या आंसापासून भाराप्रमाणें ब्रेक कमीजास्त करणारी दांडी असल्यास तिची लांबी बदलूं नये.

हवा काढणें

द्रव दाबला जात नाहीं, हवा दाबली जाते. म्हणून नळींत हवा राहिली तर पेडल मऊ लागतें. टाकी नव्या द्रवानें भरावी. निपलास पारदर्शक नळी लावून तिचें दुसरें टोंक द्रव असलेल्या बाटलींत बुडवावें. एकानें पेडल हळू दाबून धरावें, दुसऱ्यानें निपल सोडावा, बुडबुडे निघून जातांच बंद करावा, आणि नंतरच पहिल्यानें पाय उचलावा. बुडबुडे थांबेपर्यंत असें करावें व मधून मधून टाकी भरावी. सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचें चाक आधीं घेतात. उजव्या हाताच्या गाडींत मागचें डावें, मागचें उजवें, पुढचें डावें, पुढचें उजवें. पुस्तकांत निराळा क्रम असल्यास तोच पाळावा. निघालेला द्रव पुन्हां टाकींत ओतूं नये.

परीक्षा

इंजिन बंद ठेवून पेडल जोरानें दाबून एक मिनिट धरावें. तें खालीं सरकतां कामा नये. मग इंजिन सुरूं करावें. बूस्टर असल्यास पेडल किंचित् उतरून स्थिर होईल. दुसऱ्या माणसानें त्याच वेळीं प्रत्येक जोड पांढऱ्या कागदानें पुसून पाहावा. नंतर अंगणांत माणसाच्या चालीनें गाडी चालवून थांबवावी, मग मोकळ्या रस्त्यावर रिकामी न्यावी. दुसऱ्या दिवशीं जोड पुन्हां पाहून, व शक्य तों एखाद्या जाणत्या मिस्त्रीस दाखवून, मगच माल भरावा.

ज्या गाडींत एबीएसची पेटी आहे व तींत हवा शिरली आहे, तिला कित्येकदां कंपनीचें यंत्र लावल्याशिवाय हवा निघत नाहीं. तसेंच मास्टर सिलिंडरजवळचा नट गंजून अडला, किंवा सर्व करूनही पेडल मऊ राहिलें, तर गाडी चालवीत न नेतां दुसऱ्या वाहनावर चढवून गॅरेजांत न्यावी. यांत कमीपणा कांहीं नाहीं.

वाटेंतच ब्रेक फेल झाल्यास पेडल भराभर पंपासारखें दाबावें, एकेक गीअर उतरवावा व हँडब्रेक बेताबेतानें ओढावा. सामान्य गाड्यांत हँडब्रेक तारेनें चालत असल्यामुळें नळी फुटली तरी तो लागूं शकतो. म्हणून त्याची तारही नीट ठेवावी.

पावसाळा सरल्यावर व उसाच्या गाळपाची धांवपळ सुरूं होण्यापूर्वीं एक दुपार यासाठीं काढावी. गाडी उचलून, चिखल खरवडून सर्व नळ्या पाहाव्या, आणि द्रव बदलल्याची तारीख विहिरीच्या मोटरच्या नोंदीशेजारीं वहींत लिहून ठेवावी, अशी आमची वाचकांस विनंती आहे.