चावडी ते कलेक्टर कचेरी : आपले नाव कोणाच्या हाती?



आपला सभासद ऊस नोंदवताना किती जागरूक असतो, हे शेतकी खात्यातल्या कोणालाही विचारावे. लागणीची तारीख बरोबर पडली का, गट नंबर बरोबर आला का, क्षेत्र तीस गुंठे लागले की पस्तीस, जात ८६०३२ लिहिली की २६५, हे सगळे तो समोर उभा राहून लिहून घेतो. ते रास्तच आहे. तारीख चुकली तर तोड मागे पडते, ऊस वाळतो, वजन घटते. पण ज्या रानात तो ऊस उभा आहे, त्या रानाचा सात-बारा शेवटचा कधी पाहिला असे विचारले, तर पुष्कळ ठिकाणी उत्तर मिळते, "सोसायटीचं कर्ज काढलं होतं, तवा बघितला."

ऊस एका हंगामाचा, जमीन पिढ्यान्‌पिढ्यांची. हंगामाच्या नोंदीला एवढा जपणारा माणूस पिढ्यांच्या नोंदीकडे पाठ करून बसतो. म्हणून या लेखात सात-बाराच्या मागे असलेल्या कचेऱ्या आणि तिथली माणसे यांची ओळख करून घेऊ.

भाऊसाहेबांपासून कलेक्टरसाहेबांपर्यंत

महसूल खात्याची उतरंड आपल्याला तोंडपाठ असते, पण कोणाचे काम काय हे ठाऊक नसते. खाली गावचा तलाठी, म्हणजे आपले भाऊसाहेब. त्यांच्या ताब्यातल्या गावांना मिळून सज्जा म्हणतात. २०२४ साली शासनाने या पदाला 'ग्राम महसूल अधिकारी' असे नवे नाव दिले, पण गावाच्या तोंडी तलाठीच राहिला आहे. त्यांच्यावर मंडळ अधिकारी, ज्यांना आपण सर्कल म्हणतो. त्यावर तालुक्याचे तहसीलदार. जुनी माणसे अजून मामलेदार म्हणतात. त्यावर प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी. आणि सर्वांत वर जिल्हाधिकारी.

आता यात लिहितो कोण आणि मंजूर करतो कोण, हे नीट ध्यानात घ्यावे. खरेदी, वाटणी, वारस, बोजा, काहीही बदल झाला की तलाठी तो गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या वहीत लिहितो. नोंद चावडीवर लावतो आणि हितसंबंधितांना नोटीस काढतो. हरकतीला साधारण १५ दिवस असतात. कोणी हरकत घेतली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत, म्हणजे ६-अ मध्ये जाते आणि दोन्ही बाजू ऐकून निर्णय होतो. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मगच सात-बारावर नाव चढते किंवा कमी होते. म्हणजे तलाठी लिहितो, पण त्याच्या एकट्याच्या लिहिण्याने कोणाची जमीन जात नाही. मधे १५ दिवसांचे दार उघडे असते. त्या दाराशी आपणच कधी उभे राहत नाही.

नोंद मान्य नसेल तर प्रांतांकडे अपील करता येते, त्याला ६० दिवसांची मुदत आहे. हस्तलिखितावरून संगणकावर घेताना नावात, क्षेत्रात लेखनाची चूक राहिली असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली ती दुरुस्त करून घेता येते. ही संहिता १९६६ सालची. तिच्या कलम १५७ मध्ये लिहिले आहे की, उलट शाबीत होईपर्यंत प्रमाणित नोंद खरी धरली जाईल. चुकीच्या नोंदीवर गप्प बसणे किती महाग पडते, ते या एका कलमात आहे. कारण पुढे ती चूक आहे हे शाबीत करायचा भार आपल्याच डोक्यावर येतो.

चुकीच्या दारात हेलपाटे

पुष्कळांचे निम्मे हेलपाटे चुकीच्या कचेरीत होतात. गावात दोन वेगळ्या शिड्या आहेत. एक वर सांगितली ती महसुलाची. दुसरी जिल्हा परिषदेची. ही १ मे १९६२ रोजी राज्यात सुरू झाली. तिच्यात ग्रामपंचायत, पंचायत समितीचे बीडीओ आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी येतात. गावठाणातले घर ग्रामपंचायतीच्या आठ नंबरला लागते, रान तलाठ्याच्या सात-बाराला. घराच्या उताऱ्यासाठी तलाठ्याकडे आणि वारसासाठी ग्रामसेवकाकडे गेले तर चपला झिजणारच.

याखेरीज दोन कचेऱ्या आहेत. मोजणी आणि हद्दीचे काम भूमी अभिलेख खात्याचे. बांधावर कितीही भांडलो तरी हद्द ठरवून द्यायला मोजणीदारच लागतो. आणि खरेदीखताची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे रजिस्टर ऑफिसात. रजिस्टर झाले म्हणजे सात-बारावर नाव आले, असे समजून घरी जाऊ नये. फेरफार मंजूर झाला का, ते पाहावे.

बोरूची सत्ता

ही भीती आपल्या अंगात मुरली आहे, त्याला इतिहास आहे. पूर्वी गावचे दप्तर वतनदार कुलकर्ण्याच्या घरात असे. पद बापाकडून मुलाकडे जाई. वाचता येणारा तो एकटा, बाकी गाव अंगठा उठवणारे. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा अशिक्षित शेतकऱ्याला कागदाच्या जोरावर सरकारी कामगार कसे नाडतात, ते त्यांनी उघड मांडले. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली वंशपरंपरेची कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली. मुलकी पाटलाचे पद महाराष्ट्राने १९६२ च्या कायद्याने बंद केले.

म्हणजे दप्तर घरातून चावडीत आले आणि वतनदाराच्या जागी बदली होणारा पगारी नोकर आला, यासाठी मोठ्या माणसांनी झगडा केलेला आहे. आता सात-बारा संगणकावर आहे. घरबसल्या पाहता येतो, डिजिटल सहीचा उताराही निघतो. तरीही आपण न पाहता राहिलो तर दोष कोणाचा?

शेत गेले, दप्तर राहिले : नाहूरची गोष्ट

कोणी म्हणेल, हे खेड्याचे झाले. पोरे मुंबईला गेली, तिथे कुठला तलाठी? आपल्या भागातल्या अनेक घरांतली मुले भांडुप-मुलुंडकडे नोकरीला आहेत, काहींनी तिथे खोल्या, फ्लॅट घेतले आहेत. त्यांनी आपला करारनामा काढून बघावा. भांडुप आणि मुलुंड यांच्या मधे नाहूर नावाचे रेल्वे स्टेशन आहे. आसपास इमारतीच इमारती. पण तिथल्या जमिनीच्या कागदावर आजही लिहितात, 'मौजे नाहूर, तालुका कुर्ला, जिल्हा मुंबई उपनगर'. मौजे! बैल नाही, बांध नाही, पण महसुलाच्या दप्तरात नाहूर हे गाव आहे ते आहेच.

हा सगळा भाग एकेकाळी ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात होता. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढला. पुढे तो मोडला आणि उपनगरे १९५० व १९५७ अशा दोन टप्प्यांत मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा जिल्हा पुन्हा वेगळा झाला. त्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके, जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी वांद्रे पूर्वेला. ग्रामीण भाग उरला नाही म्हणून या जिल्ह्याला जिल्हा परिषद नाही, पंचायत समिती नाही. रस्ते, पाणी, गटार महापालिकेकडे. पण जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार ही महसुलाची शिडी तशीच उभी आहे. सिटी सर्व्हे झालेल्या जमिनीला सात-बाराच्या जागी मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड असते आणि ते नगर भूमापन अधिकाऱ्याच्या दप्तरी असते. नाव बदलले, काम तेच : जमीन कोणाची, हे लिहून ठेवणे.

पन्नास वर्षांपूर्वीची नोटीस

या नोंदीचे वजन किती असते, ते याच पट्ट्यात दिसून आले. १९५६-५७ च्या सुमारास त्या वेळच्या सरकारने भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ (३) खाली अनेक खाजगी जमिनींबाबत नोटिसा काढल्या. जमीन वन म्हणून नियंत्रणाखाली का आणू नये, असे मालकाला विचारणारी ही नोटीस. त्यांतल्या अनेक प्रकरणांत पुढे काहीच झाले नाही. १९७५ साली महाराष्ट्राने खाजगी वने ताब्यात घेण्याचा कायदा केला. अशी नोटीस निघालेली जमीनही 'खाजगी वन' या व्याख्येत बसवली गेली. मधल्या काळात महापालिकेने परवानग्या दिल्या, इमारती उभ्या राहिल्या, लोकांनी आयुष्याची पुंजी घालून घरे घेतली. आणि २००० नंतरच्या दशकात मुलुंड-विक्रोळी पट्ट्यात, म्हणजे नाहूरच्या दोन्ही अंगांना, जुन्या नोटिसांच्या आधारे जमिनी वन असल्याचा दावा पुढे आला. राहत्या घरांचे व्यवहार अडचणीत आले.

मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २००८ मध्ये जमीनधारकांच्या याचिका फेटाळल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. गोदरेज अँड बॉइस विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने ते ओळखले जाते. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल जमीनधारकांच्या बाजूने दिला. न्यायालयाने सांगितले की, नोटीस नुसती काढून भागत नाही. ती मालकाला बजावली गेली पाहिजे, त्याला म्हणणे मांडायची संधी मिळाली पाहिजे. काढून वर्षानुवर्षे गुंडाळून ठेवलेल्या कागदावर जमीन घेता येत नाही.

निकाल चांगला लागला. पण तो लागेपर्यंत २००८ पासून सहा वर्षे गेली, आणि लढणारे होते बडे जमीनमालक, मोठे वकील देऊ शकणारे. आपल्या पाऊण एकराच्या सभासदाने अशा वेळी काय करावे? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. मग पायरी चढायची वेळच येऊ नये म्हणून नोटीस आली त्याच दिवशी ती वाचली पाहिजे. तारीख लिहून ठेवली पाहिजे, मुदतीत लेखी उत्तर दिले पाहिजे आणि उत्तराची पोच घेतली पाहिजे. नोटीस बजावणे हे सरकारचे कर्तव्य, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. बजावलेली नोटीस ट्रंकेत टाकून न देणे हे आपले.

घरात मयत झाली, नोंद राहिली

आपल्याकडे सर्वांत जास्त घोटाळा वारसाच्या नोंदीत होतो. वडील वारले, दिवस-कार्य झाले, पण सात-बारा वडिलांच्याच नावावर. वर्षे जातात. मग कारखान्याचा शेअर वारसाच्या नावे करायचा असतो, सोसायटीचे नवे-जुने करायचे असते, रस्त्यात जमीन जाऊन मोबदला यायचा असतो, तेव्हा धावाधाव सुरू होते. तोवर एक भाऊ मुंबईत, एक बहीण दूर दिलेली, चुलत्याशी बोलणे बंद.

कायदा सांगतो की, वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला द्यावी. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे घेऊन अर्ज द्यावा. तलाठी चौकशी करून ते वारस नोंदवहीत, म्हणजे ६-क मध्ये घेतो आणि मग फेरफार धरतो. सर्व वारस म्हणजे सर्व. आई, बहिणी सुद्धा. कोणाला हक्क सोडायचा असेल तर तो आपखुशीने, रजिस्टर दस्ताने सोडावा. अर्जातूनच बहिणीचे नाव गाळणे ही चलाखी नाही. पुढच्या पिढीच्या दाव्याची ती लागण आहे.

दोन शब्द कचेरीच्या बाजूने

तलाठी-सर्कल म्हणजे सगळे नाडणारेच, असे समजणे बरोबर नाही. अवकाळी झाली की पंचनामा त्यांनीच करायचा, निवडणूक आली की यादी त्यांनीच धरायची, आणि सज्जात गावे अनेक. चोख काम करणारी माणसे तिथेही आहेत. काम अडत असेल तर आधी लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. २००५ चा माहितीचा अधिकार आणि राज्याचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आपल्या हाती आहेत. मुदतीत सेवा मिळाली नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. कोणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा फोन आहे.

सभासदांना एवढीच विनंती. दर वर्षी ऊसनोंद करायला जाल, त्याच आठवड्यात सात-बारा आणि आठ-अ काढून घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. नावे, क्षेत्र, बोजा आणि पीक, या चार गोष्टी तपासा. फेडलेल्या कर्जाचा बोजा अजून दिसत असेल तर सोसायटीचा किंवा बँकेचा दाखला नेऊन तो कमी करून घ्या. ई-पीक पाहणीत ऊस लागला का, तेही पाहा. वडिलांच्या नावावर अजून उतारा असेल, तर या हंगामाची तोड सुरू व्हायच्या आत वारसाचा अर्ज देऊन पोच घ्या.