अंगवळणी पडेपर्यंत

बैठका मारावयास आयुष्यात प्रथमच उभा राहिलेला मनुष्य पहिल्या दिवशी, संकल्पाचा उत्साह अंगात असल्यामुळे, जितक्या निघतील तितक्या बैठका काढतो. आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या मांड्या अशा काही धरलेल्या असतात की जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो. चौथ्या दिवशी तो विश्रांती घेतो, पाचव्या दिवशी ती वाढवितो, आणि महिनाअखेर त्या संकल्पाचे दप्तर बंद झालेले असते. घरची माणसे त्याला आळशी ठरवितात व तोही ते निमूटपणे मान्य करतो. माझ्या मते हा निकाल अन्यायाचा आहे. व्यायाम सोडून देणाऱ्या बहुतेकांना शरीराच्या कारभाराची तारीखवार माहिती कोणी दिलेलीच नसते, आणि त्यामुळे ज्या आठवड्यात जे मागू नये ते ते शरीरापाशी मागून बसतात.

त्या धरलेल्या मांड्यांची कैफियत प्रथम ऐकून घेऊ. श्रमाने स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते व त्यामुळे अंग दुखते, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. परंतु ते आम्ल विश्रांती मिळताच साधारण तासाभरात निचरून जाते आणि वेदना मात्र २४ ते ७२ तासांच्या दरम्यान पराकाष्ठेला पोहोचते, तेव्हा या दोहोंचा कार्यकारणसंबंध जुळत नाही. खरे कारण खाली उतरण्यात आहे. बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू लांबत असतो आणि लांबत असतानाच देहाचा भार तोलून धरीत असतो. या दुहेरी ताणाने त्याच्या सूक्ष्म तंतूंची जागोजाग मोडतोड होते व दुरुस्तीच्या ओघात तो भाग हुळहुळा होतो. सिंहगडावर दम लागतो तो चढताना, पण दुसऱ्या दिवशी पाय बोलू लागतात ते गड उतरल्यामुळे. विलक्षण गोष्ट अशी, की एकदा हा आघात सोसलेला स्नायू पुढील काही आठवडे तशाच आघाताने फारसा दुखत नाही, आणि हे संरक्षण मिळविण्यासाठी पहिला आघात मोठा असण्याची मुळीच आवश्यकता नसते. तरुणपणी मी ज्या तालमीत जात असे तेथील वस्ताद नवख्या पोराला पहिला आठवडाभर हौद्यातली माती उकरावयास लावीत आणि अकराच्या वर एक बैठक काढू देत नसत. आम्हांला तेव्हा तो अपमान वाटे. आज प्रयोगशाळांतील निष्कर्ष वाचताना त्यांच्या अनुभवज्ञानाविषयी मनापासून आदर वाटतो.

शरीराचा कारभार एखाद्या काटकसरी संस्थानासारखा चालतो. मागणी एकदा आली म्हणून तेथे खर्च मंजूर होत नाही. तीच मागणी पुनःपुन्हा आली म्हणजे नव्या तरतुदीचा हुकूम सुटतो, आणि प्रत्येक खात्याची मुदत निराळी असते. पहिल्या पंधरवड्यातच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, त्यामुळे हृदयाच्या एकेका ठोक्यास अधिक रक्त पुढे जाते आणि पूर्वीच्याच चालीने चालताना नाडी संथ पडू लागते. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद स्नायू जाड झाल्याने आलेली नसते. आजवर स्वस्थ बसलेल्या तंतूंना एकाच वेळी कामास लावण्याचे कसब मज्जासंस्थेने हस्तगत केल्याचे ते फळ असते, हे मोरितानी व डीव्हरीस यांनी १९७९ साली दाखविले. स्नायूपेशींतील मायटोकाँड्रिया, म्हणजे प्राणवायूच्या साहाय्याने इंधन जाळणाऱ्या चुली, यांची शक्ती त्याहून सावकाश वाढते. सर्वांत मंद चाल कंडरांची, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरांची. त्यांना रक्ताचा पुरवठाच तुटपुंजा. महिन्याभरात आलेल्या बळावर विसंबून जो एकदम दुप्पट धावू लागतो, त्याची टाच किंवा गुडघा दुखावतो तो बहुधा यामुळेच. आरसा व वजनकाटा यांच्या दप्तरी मात्र या घडामोडींपैकी एकीचीही नोंद होत नाही, आणि नवशिक्या रोज पाहतो ते नेमके याच दोघांकडे. त्याने रोजनामा ठेवावाच, पण तो नाडीचा ठेवावा: घरचा तोच जिना त्याच वेगाने चढल्यावर मिनिटाला किती ठोके पडतात, एवढाच आकडा आठवड्यातून एकदा लिहावा.

सवयीचीही मुदत मोठी असते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व त्यांचे सहकारी यांनी ९६ जणांचे निरीक्षण करून २०१० साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, नवी कृती आपोआप घडू लागण्याच्या कालावधीचा मध्यक ६६ दिवस निघाला. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणण्यासारखा व्यत्यय आला नाही, ही त्यातली गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण कित्येकांचा नेम मोडतो तो एका खाड्याने नव्हे, त्या खाड्याच्या खंतीने. उपदेशाचे सामर्थ्यही किती तोकडे असते पाहा. ब्रिटनमधील विद्यार्थ्यांवर केलेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्यांना हृदयविकाराचे धोके समजावून सांगितले त्यांच्यापैकी ३५ टक्क्यांनीच पुढील आठवड्यात व्यायाम केला. परंतु त्या माहितीबरोबरच कोणत्या वारी, किती वाजता आणि कोठे हे ज्यांच्याकडून लिहून घेतले, त्यांच्यांत हे प्रमाण ९१ टक्के होते.

या संदर्भात मला लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील कंडक्टर आठवतात. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखविले, की दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिन्याने सतत वरखाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत असे. चालक नोकरीस लागतानाच अधिक स्थूल असत, हे पुढे मॉरिस यांनीच गणवेशांच्या मापांवरून उघड केले, तेव्हा सारे श्रेय जिन्याला देता येणार नाही. परंतु त्या कंडक्टरांना व्यायामाचा संकल्प कधीच करावा लागला नव्हता. वेळ, जागा आणि श्रम ही तिन्ही त्यांना नेमून दिलेली होती. नवशिक्याने आपल्यापुरती अशीच नेमणूक करून घ्यावी: सकाळचा चहा होण्यापूर्वी, ओसरीवर, तीन सूर्यनमस्कार.

छातीत दुखत असेल किंवा थोड्या श्रमानेही भोवळ येत असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्यांना आता वय झाले असे वाटते त्यांच्यासाठी अमेरिकेतील डॅलस येथील एक हकीगत सांगतो. १९६६ साली विशीतील पाच निरोगी तरुणांना तेथे तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले, आणि त्यांची श्रमक्षमता तेवढ्या अवधीत जितकी खालावली तितकी ती पुढील तीस वर्षांच्या वयोमानानेही खालावली नाही. पन्नाशीत त्याच पाचांनी हळूहळू वाढविलेला चालण्या-पळण्याचा व्यायाम सहा महिने केला, तेव्हा त्यांची श्रमक्षमता विशीतील मूळ पातळीवर परत आली.