भंगारातील तांबे

"लोखंड, डबा, भंगाऽर!" ही हाक तुम्ही ऐकली असेलच. वर्धा जिल्ह्यातील सेलू हे नागपूर-वर्धा रस्त्यावरचे गाव. तेथेही अशी गाडी फिरते. मोडकी सायकल, झिजलेला फाळ, जळालेला पंखा, सारे एकाच ढिगात पडते. पुढे ते कोठे जाते?

बरेचसे भट्टीत जाते. जालना शहरात भंगार वितळवून घरबांधणीच्या सळ्या तयार करणारे अनेक कारखाने आहेत. त्यांच्या भट्ट्या विजेवर चालतात. खनिजापासून कोळशाच्या झोतभट्टीत 1 टन पोलाद करताना सुमारे 2 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भंगारापासून केल्यास तो पुष्कळ कमी होतो. म्हणून आज जगभर भंगाराला मान आला आहे.

पण एक अडचण आहे. पंख्याच्या मोटारीत तांब्याची तार असते. ती काढली नाही तर लोखंडाबरोबर वितळते. सिलिकॉनसारखी मूलद्रव्ये ऑक्सिजनशी लवकर संयोग पावतात आणि मळीत निघून जातात. तांबे तसे जात नाही. त्याच्या आधी लोखंडच जळू लागते! चहात विरघळलेली साखर चमच्याने परत काढता येते का? तसेच हे. कथिलाचीही हीच गोष्ट. अशा मागे राहणाऱ्या मूलद्रव्यांना 'अवशिष्ट मूलद्रव्ये' म्हणतात.

थोड्या तांब्याने काय बिघडते? पोलाद लाटण्यापूर्वी ते सुमारे 1200 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. तेव्हा वरचे लोखंड जळून त्याचा पापुद्रा बनतो. तांबे मात्र पापुद्र्याखाली साचते. ते 1085 अंशांना वितळते आणि पोलादाच्या कणांच्या सांध्यांत शिरते. मग पोलाद दाबले की त्याला भेगा पडतात. कथिल असेल तर हे आणखी कमी उष्णतेवर घडते. शिवाय कथिल सांध्यांत जमून पोलादाला ठिसूळ करते. जास्त भार पेलणाऱ्या मजबूत पोलादाला हे कसे चालेल?

घराच्या सळईत टनामागे 4 किलोपर्यंत तांबे खपते. मोटारगाडीच्या पातळ, वळवायच्या पत्र्यात मात्र 600 ग्रॅमच पुष्कळ झाले. तरी तांबे शत्रूच आहे असे नाही. गंज कमी व्हावा म्हणून काही पोलादांत ते मुद्दाम घालतात.

उपाय काय? भंगारात खनिजापासून केलेले स्पंज आयर्न मिसळले की तांब्याचे प्रमाण उतरते. पण आपल्याकडे ते बहुधा कोळशावरच बनते, म्हणजे धूर पुन्हा आलाच. त्यापेक्षा तांबे आधीच वेगळे करणे बरे. भंगारवाला पंखा फोडून तार काढतो, कारण तांब्याला लोखंडाहून कितीतरी जास्त भाव मिळतो. खेळण्यांतल्या बारीक मोटारी मात्र तो तशाच टाकतो. त्या उघडण्यात दिवस जातो आणि हाती येते चिमूटभर तार.