मैलापाण्यातील हिरवे धन

नागपूरच्या नेहरू मार्गावरील ज्या संस्थेची स्थापना १९५८ साली ‘केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था’ अशा भारदस्त नावाने झाली, आणि १९७४ सालच्या नामांतरापासून जिला सगळे शहर ‘नीरी’ या दोन अक्षरांनी ओळखते, तिच्या दप्तरी शैवालाची पहिली नोंद झाली ती इंधन म्हणून नव्हे, तर मैला शुद्ध करणारा बिनपगारी मजूर म्हणून. साठच्या दशकात, सोली अर्सीवाला यांच्या नेतृत्वाखाली, यंत्रे, वीज आणि पैसा या तिन्हींची चणचण असलेल्या नगरपालिकांना परवडेल अशी शुद्धीकरणपद्धती शोधताना येथील संशोधकांनी उथळ स्थिरीकरण-तलावांचा कसोशीने अभ्यास केला, आणि त्या अनुभवाचे सार १९७० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

या तलावातला व्यवहार मोठा रोखठोक आहे. जिवाणू मैला कुजवितात. त्यातून सुटणारा कर्बवायू आणि नत्र-स्फुरदाचे क्षार शैवाल ग्रहण करते. आणि सूर्यप्रकाशात ते जो प्राणवायू सोडते त्यावर पुन्हा जिवाणूंचा निर्वाह चालतो. ज्या वैदर्भीय उन्हाला आपण चैत्रापासून मृगापर्यंत शिव्याशाप देतो, त्याला येथे सन्मानाची कामगिरी मिळाली. अडचण एवढीच, की बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर शैवालही वाहून जाते, आणि पुढे नदीत मरून कुजले की केलेली शुद्धी काही अंशी वाया जाते. अभियंत्यांच्या लेखी ती एक उपाधीच होती.

त्याच उपाधीत पुढे जगाला तेल दिसले. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकन सरकारने १९७८ ते १९९६ या काळात शैवालापासून इंधन काढण्याचा एक दीर्घ प्रकल्प चालविला, आणि २००९ साली एक्झॉनमोबिल या बलाढ्य कंपनीने साठ कोटी डॉलरपर्यंत खर्चाची तयारी जाहीर केली. २०२३ च्या आरंभी मात्र तिनेही हात आखडता घेतला. नीरीतही या दिशेने काम झाले: क्लोरेला या सूक्ष्म शैवालाला कर्बवायू पुरवून त्यापासून कॅल्साइट हे खनिज आणि बायोडिझेलला लागणारी मेदद्रव्ये एकदमच मिळविण्याचा येथील प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. मेदापासून बायोडिझेल करण्याची रीत अवघड नाही. त्यावर मिथेनॉलची प्रक्रिया केली की इंधन एकीकडे आणि ग्लिसरीन दुसरीकडे होते. शैवालातून तेल काढणे एक वेळ साधते, खरी पंचाईत आहे ती पाण्यातून शैवाल काढण्याची. उघड्या तलावात लिटरमागे कोरडे शैवाल जेमतेम अर्धा ग्रॅम भरते. म्हणजे किलोभर शैवालासाठी दोन हजार लिटर पाणी उपसून, गाळून, उरलेला ओलावा वाळवायचा, आणि या खटाटोपात मिळणाऱ्या इंधनाचा मोठा हिस्सा आधीच खर्ची पडायचा. शिवाय नत्र तोडले की पेशी मेद साठवितात खऱ्या, पण त्यांची वाढ खुंटते. हा करार निसर्गाने आपल्या बाजूनेच लिहून ठेवला आहे.

म्हणून केवळ तेलासाठी शैवाल पिकविण्याची तजवीज मला आतबट्ट्याची वाटते. मैलापाण्याच्या शुद्धीचा खर्च ज्या खात्यावर पडतोच, त्याच खात्यात शैवाल आनुषंगिक उत्पन्न म्हणून जमा धरले, तर हिशेब बदलतो. नागपुरात तर भांडेवाडीचे शुद्ध केलेले मैलापाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला पुरविले जाते, आणि त्या केंद्राच्या धुराड्यांतून कर्बवायू अहोरात्र आकाशात जातो. रात्री शैवाल तो घेणार नाही, आणि वैशाखात तलावाचे पाणी झपाट्याने उडेल, या अडचणी आहेतच.

तरीही वाळविण्याचे संकट टाळण्याचा एक मार्ग जुनाच आहे. कॅलिफोर्नियातील ऑस्वाल्ड आणि गोल्युएक यांनी १९६० च्या सुमारास सुचविले होते, की ओले शैवालच बंदिस्त पाचक टाकीत कुजवून मिथेन वायू घ्यावा आणि त्यावर वीज करावी. मोटारीच्या टाकीत ओतण्याजोगे तेल हवे असणाऱ्यांना ही सूचना फिकी वाटेल. पण गावाबाहेरच्या मैलाशुद्धी केंद्राचे पंप चालविण्यास वायू पुरेसा असतो, आणि टाकीत उरणारा गाळ शेतकरी खत म्हणून उचलून नेऊ शकतो.