शस्त्रक्रियेपूर्वीचे ‘पाणीही नको’ कितपत योग्य?

नियोजित शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रुग्णाला हमखास मिळणारी सूचना म्हणजे मध्यरात्रीनंतर काहीही खाऊ नका, पाण्याचा घोटही घेऊ नका. शस्त्रक्रिया सकाळी आठला असो वा दुपारी दोनला, सूचना तीच. परिणामी दुसऱ्या सत्रातील रुग्ण बारा-चौदा तास तहानलेला राहतो. संशोधनाचा आधार मात्र या सरसकट नियमाला नाही.

नियमामागील भीती खरी आहे. भूल दिल्यावर खोकल्याची व गिळण्याची संरक्षक क्रिया मंदावते आणि जठरातील अन्न किंवा आम्ल फुप्फुसात शिरू शकते. अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी 1946 मध्ये न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयाच्या 44,016 गर्भवतींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा 66 जणींच्या बाबतीत असे घडल्याचे आढळले. त्यातील दोघींचा मृत्यू घन अन्नाने श्वास कोंडून झाला होता. प्रसूतीकाळात अन्न जठरात दीर्घकाळ राहते. तरीही पुढे ही खबरदारी सर्व रुग्णांना लागू झाली आणि अन्न व पाणी यांतील फरकही पुसला गेला.

हा फरक जुन्या वैद्यांना ठाऊक होता. जंतुविरहित शस्त्रक्रियेचे प्रवर्तक जोसेफ लिस्टर यांनी 1883 मध्येच क्लोरोफॉर्मपूर्वी जठरात घन पदार्थ नसावा, पण सुमारे दोन तास आधी कपभर चहा हितकारक ठरतो, असे नमूद केले होते.

शरीरशास्त्र याला दुजोरा देते. निरोगी व्यक्तीच्या जठरातून साधे पाणी फार वेगाने पुढे सरकते. स्निग्ध जेवणाला कित्येक तास लागतात. कोक्रेन संस्थेने 2003 मध्ये प्रौढांवरील 22 चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. दोन-तीन तास आधीपर्यंत द्रव घेतलेल्यांना अधिक धोका असल्याचा पुरावा त्यात आढळला नाही. उलट पाणी प्यायलेल्यांच्या जठरात, पूर्ण उपाशी असलेल्यांपेक्षा कमी द्रव होता.

अमेरिकी भूलतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाणी, दूध न घातलेला चहा व गर नसलेला रस भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत, आईचे दूध चार तास, तर हलका आहार सहा तास आधीपर्यंत चालतो. तळलेल्या किंवा मांसाहारी जेवणासाठी आठ किंवा अधिक तास लागू शकतात. दूध घन आहारातच मोडते. आपल्याकडील नेहमीचा चहा त्यामुळे ‘पाणी’ ठरत नाही. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2020 मध्ये या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या.

दीर्घ उपवासाची किंमत मुले, वृद्ध व मधुमेही अधिक मोजतात. तहान, डोकेदुखी, चिडचीड, शरीरातील पाणी कमी होणे आणि काहींच्या रक्तातील साखर घसरणे हे त्याचे परिणाम. तरीही जुनी सूचना टिकून आहे, कारण शस्त्रक्रियांचा क्रम ऐनवेळी बदलतो आणि संपूर्ण कक्षाला एकच वेळ सांगणे कर्मचाऱ्यांना सोपे जाते. सोय रुग्णालयाची होते, सोसतो मात्र रुग्ण.

ही सवलत सर्वांना लागू नाही. आतड्यात अडथळा असलेले, तातडीच्या शस्त्रक्रियेचे, दीर्घकाळच्या मधुमेहाने जठराची हालचाल मंदावलेले तसेच वजन घटवण्याची काही नवी इंजेक्शने घेणारे रुग्ण यांचा निर्णय भूलतज्ज्ञच घेतात. त्यामुळे पाणी स्वतःच्या मनाने न पिता ‘शेवटचा घोट किती वाजेपर्यंत चालेल’ हे रुग्णाने किंवा नातेवाइकांनी आदल्या दिवशीच्या तपासणीत भूलतज्ज्ञांना विचारून घ्यावे आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेल्यास ती वेळ पुन्हा विचारावी.