मानवी हालचालींचे शास्त्र आणि हिंगोली जिल्ह्यातील उच्च शिक्षण

प्रस्तावना : १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. शारीरिक शिक्षणाच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, गतिशास्त्र व जैवयांत्रिकी यांचा समावेश असतो. तरीही हा विषय मैदान व स्पर्धा यांपुरताच मर्यादित मानला जातो.

विवेचन : वसमत परिसरात हळदीचे ओझे उचलणाऱ्या मजुराचे उदाहरण घ्यावे. २० किलोचे ओझे कण्यापासून ४० सेंटीमीटर अंतरावर असेल, तर सुमारे ५ सेंटीमीटर तरफभुजेने कार्य करणाऱ्या पाठीच्या स्नायूंना केवळ त्या ओझ्यासाठी सुमारे १६० किलो वजनाइतके बल लावावे लागते. तेच ओझे २० सेंटीमीटरवर आणल्यास हे बल ८० किलोइतके, म्हणजे निम्मे होते. भारोत्तोलक वजनदांडा अंगालगत ठेवून उचलतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

समारोप : शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील विद्यार्थ्यास हे गणित उमगले, तर त्याचा लाभ घरातील कष्टकऱ्यांच्या पाठीला होतो. म्हणून या विषयाच्या अध्यापनात क्रीडा विभागासोबत भौतिकशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांनीही सहभागी होणे आवश्यक आहे.